'वी' म्हटलं म्हणजे आनंद झाला का? (घडवलेल्या भाषांतले भावनेचे शब्द)

मात्रा
गेले आठ महिने मी लोजबान शिकते आहे. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही कुणाची मातृभाषा नाही, मुद्दाम बसून घडवलेली भाषा आहे. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली लॉगलान नावाची भाषा रचायला घेतली, लोजबान तिच्याच घराण्यातली, १९८७ पासूनची. व्याकरण तर्कशास्त्राच्या पायावर बांधलेलं. वाक्याची फोड एकाच प्रकारे व्हावी, दुसरी होऊच नये, असा कटाक्ष.

अशा भाषेत भावनेला जागा नसेल असं मला वाटलं होतं. निघालं उलटंच. भावनेसाठी नुसत्या स्वरांचे इवलेसे शब्द आहेत आणि ते बोलण्यात कुठेही घालता येतात. 'वी' म्हणजे आनंद, 'वू' कणव, 'वे' आश्चर्य, 'यी' भीती, 'ओइ' तक्रार किंवा कळ. त्यांना शेपट्या लागतात: 'रुहे' लावलं की थोडंसं, 'साइ' म्हणजे बरंच, 'शाइ' म्हणजे अगदी टोकाचं, आणि 'नाइ' लावलं की उलट. वीनाइ म्हणजे दुःख.

आता प्रश्न. आम्ही पाच जण आठवड्यातून एकदा फोनवर लोजबानमध्ये बोलतो. मागच्या खेपेला मी सांगितलं, "वी, काम संपलं." वाक्य बरोबर, शब्द बरोबर. पलीकडून एकीने विचारलं, "वी पेइ?" 'पेइ' हा भावना विचारायचा शब्द. म्हणजे, आनंद खरंच आहे का, किती आहे? मी थांबले. मग म्हटलं, "वीरुहे." ती काही बोलली नाही. शेवटी मी "ओइ" म्हटलं, आणि मग अर्धा तास त्या कामात काय काय झालं ते मराठीत सांगत बसले.

तिने माझा शब्द ऐकला नाही, आवाज ऐकला. मग शब्दाचं काम काय उरलं? भावनेला शब्द दिला की ती पोचते, की फक्त जाहीर होते? तुमचे अनुभव सांगा. भाषा कुठलीही चालेल.

टिंब
मस्त विषय. वाचतेय.

अर्धविराम
मला हा प्रकार मुळातच पटत नाही. भावना ही सांगायची गोष्ट नाही, ती कळते. आवाज कापरा होतो, वेग वाढतो, मधेच श्वास अडकतो. 'वी' म्हणून आनंद दाखवणं म्हणजे चेहऱ्यावर 'मी हसतोय' अशी पाटी लावणं. आणि पाटी खोटी लावायला काहीच कष्ट पडत नाहीत. तुमच्या मैत्रिणीने पाटी न वाचता चेहरा वाचला, तेच योग्य केलं.

मात्रा
@अर्धविराम, पाटी म्हणता ती लोजबानमध्ये वेगळी आहे. "मि ग्लेकि" म्हणजे 'मी आनंदी आहे'. हे विधान झालं. त्यावर समोरचा 'हे खरं नाही' म्हणू शकतो. 'वी' हे विधान नाही. 'वा!' किंवा 'अरेरे' याला जसं कुणी 'चूक' म्हणत नाही, तसंच ते. भाषा रचणाऱ्यांनी या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. भावना व्यक्त करणं निराळं, भावनेबद्दल माहिती देणं निराळं.

खोटं बोलता येतं हे मात्र खरं. 'वी' म्हणताना मी ते केलंच, हे आता लिहिताना जाणवतंय.

कानोसा
हे आपल्याकडे नाही असं कुणी समजू नका. केवलप्रयोगी अव्ययं शाळेत शिकलोच की आपण: हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक. पण खरी गंमत त्यांच्यात नाही, वाक्याच्या शेपटीत आहे. एक वाक्य घ्या: तो आला.

तो आला की. (तुला कळलं नाही का, केव्हाच आला.)
तो आला ना! (मी म्हटलं नव्हतं?)
तो आला बुवा. (सुटलो.)
तो आला एकदाचा. (किती वाट पाहायला लावली.)
तो आला म्हणे. (मी पाहिलं नाही, कानावर आलं.)
तो आला वाटतं. (दार वाजलं.)
तो आला हं. (आता जपून बोला.)

'आला' तोच, माणूस तोच. एवढं सगळं एका शेपटीत मावतं. आणि हे कुणी टेबलाशी बसून घडवलेलं नाही.

टिंब
'तो आला हं' वाचून मी खरंच मागे वळून पाहिलं.

निरंतर
कानोसा यांच्या 'म्हणे' वरून लाआदान आठवली. सुझेट हेडन एल्जिन या भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि विज्ञानकथाही लिहायच्या. १९८२ मध्ये त्यांनी ही भाषा रचली. बायकांना जे म्हणायचं असतं ते म्हणायला हाताशी असलेल्या भाषा पुऱ्या पडतात का, हा त्यांचा प्रश्न होता.

लाआदानमध्ये वाक्य सुरू होतानाच सांगावं लागतं की मी काय करते आहे. 'बी' म्हणजे सांगते आहे, 'बा' म्हणजे विचारते आहे, 'बो' लांबवून म्हटलं तर विनंती, 'बे' आखूड म्हटलं तर वचन आणि लांबवलं तर इशारा. त्याला भावनेचा प्रत्यय लागतो: 'द' रागाने, 'थ' वेदनेने, 'ली' प्रेमाने, 'दा' गमतीने. 'बीद' म्हणून सुरुवात केली की पुढचं सगळं वाक्य रागाने म्हटलेलं आहे, हे पहिल्याच शब्दाला कळतं. आणि वाक्याच्या शेवटी हे तुला कसं कळलं तेही सांगायचं. 'वा' म्हणजे मी स्वतः अनुभवलं, 'वी' म्हणजे सगळ्यांना उघड दिसतंय, 'वे' म्हणजे स्वप्नात पाहिलं. मात्राताई, तुमचा 'वी' तिकडे गेला तर 'उघडच आहे' होतो!

हे सगळं त्यांनी कशासाठी केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. शब्दांनी होणाऱ्या हल्ल्यांपासून स्वतःला कसं वाचवायचं, हाही त्यांच्या लिखाणाचा विषय होता. विषारी सुरात एखादं साधं वाक्य म्हणायचं, समोरचा दुखावला की 'मी काय वाईट बोललो? शब्द बघ ना माझे' म्हणून हात झटकायचे. हे भांडण ज्याने कधी अनुभवलं नाही असा माणूस विरळा. सूर पकडून दाखवता येत नाही, म्हणून जिंकतो तो सूर लावणारा. लाआदानमध्ये ती पळवाट बंद होते. 'बीद' म्हटलं असेल तर राग कबूल केला. नुसतं 'बी' म्हटलं आणि आवाजात राग असेल, तर विसंगती दोघांनाही दिसते.

अर्धविराम
@निरंतर, वापरली किती जणींनी?

निरंतर
फारशी नाही. त्यांनी स्वतःच दहा वर्षांची मुदत ठरवली होती, तेवढ्यात बायकांनी ती उचलली तर ठीक. नाही उचलली, आणि प्रयोग फसला हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण भाषा रुजली नाही म्हणून तिने विचारलेला प्रश्न मोडीत निघत नाही.

गुंजन
लोजबानमधला 'वा' कुणी सांगितला नाही अजून. त्याचा अर्थ आहे 'आत्ता कळलं!', म्हणजे एखादी गोष्ट गवसल्याचा आनंद. आपल्या 'वा'च्या शेजारी राहणारा. आणि 'अहो' म्हणजे आशा. मी लोजबान उघडली ती केवळ या 'अहो'मुळे. दिवसातून दहा वेळा अहो म्हणणाऱ्या माणसाला एवढी आशा बाळगायला मिळते हे कळून फार बरं वाटलं होतं.

टिंब
अहो! (दोन्ही अर्थांनी)

धांडोळा
थोडं अवांतर. भावनेचा शब्द वेगळा ठेवायलाच हवा असं नाही, तो क्रियापदाच्या पोटातही घालता येतो. २००९ च्या 'अवतार' चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा रचली. तिथे 'कामे' म्हणजे पाहणं, नुसतं डोळ्यांनी नव्हे, आतून ओळखून पाहणं. ते बोलणाऱ्याला सुखाचं वाटत असेल तर मधे 'एइ' येतो: 'कामेइए'. भेटल्यावर म्हणायचं 'ओएल ङाती कामेइए', मी तुला पाहतो आणि त्यात मला आनंद आहे. नकोसं वाटत असेल तर त्याच जागी दुसरा मध्यप्रत्यय, 'ॲङ'.

मला हे लोजबानपेक्षा जास्त आवडतं. 'वी' शब्दाच्या शेजारी उभा राहतो. 'एइ' शब्दाच्या आत शिरतो, काढायचा म्हटलं तर क्रियापद उघडावं लागतं.

एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत (१८८७, झामेनहोफ यांची) तर हे नामालाही होतं. 'दोमो' म्हणजे घर, 'दोमाचो' म्हणजे कसलं ते घर, खुराडं. आपलं 'पोरगं' आणि 'पोरटं' बघा. वय तेच, मूल तेच, एका अक्षराने माया गेली.

कानोसा
पोरगं-पोरटं, क्या बात है. +१

गुंजन
उलट टोकाचं उदाहरण देते. टोकी पोना. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये आणलेली, सव्वाशेच्या आतबाहेर शब्दांची भाषा. तिथे भावनेला मुख्यतः एकच शब्द आहे: 'आ'. 'पोना' म्हणजे चांगलं, 'पोना आ' म्हणजे किती चांगलं! 'आ आ आ' म्हणजे हसणं. राग, लाड, दचकणं, सगळं त्या एका 'आ'मध्ये, आणि कुठला 'आ' हे आवाजाने ठरतं. म्हणजे अर्धविराम म्हणतात तशी भाषा. शब्दाने दार उघडायचं, आत आवाजाने जायचं.

मी दोन्ही बोलून पाहिल्यात. टोकी पोनामध्ये मी मोकळी होते. लोजबानमध्ये मी आधी स्वतःला विचारते, नक्की काय वाटतंय? चीड की थकवा? अंगाला होतंय की मनाला? कारण तिथे तेही सांगता येतं: 'ओइरोहो' म्हणजे शरीराची कळ, 'ओइरोही' म्हणजे मनाची, 'ओइरोहा' म्हणजे चार माणसांत वावरण्यातली. एकदा 'ओइरोहो' म्हणायला गेले आणि तोंडातून 'ओइरोहा' आलं. तेव्हा कळलं की माझं डोकं दुखत नव्हतं.

मात्रा
@गुंजन, हा प्रतिसाद फार आवडला. माझ्या 'वी पेइ'च्या वेळी हेच झालं असावं. मैत्रिणीने शब्द नाकारला नाही, पुन्हा शोधायला लावला.

जागेबद्दलही सांगायचं राहिलं. 'वी' वाक्याच्या आधी आला तर सगळ्या वाक्याबद्दलचा आनंद. एखाद्या शब्दानंतर आला तर फक्त त्या शब्दाबद्दल. "वी दो क्लामा": तू आलास, किती छान. "दो वी क्लामा": आलास तो *तू*, याचा आनंद. आपण 'तूच आलास!' म्हणतो ना, तसं काहीसं.

अर्धविराम
गुंजन यांचा अनुभव मान्य. पण तो शब्द शोधण्याचा अनुभव झाला, डायरी लिहूनही तेच होतं. बोलण्यातलं काय? ज्याला आवाज आहे त्याला हे शब्द म्हणजे दोनदा सांगणं. नुसतं लिहायचं असेल तर समजू शकतो, तिथे सूर नसतोच. त्यासाठीच १९८२ मध्ये स्कॉट फालमन यांनी दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस असा हसरा चेहरा सुचवला. बोलणाऱ्याला त्याची गरज नाही.

निरंतर
१९८२! लाआदानचंही तेच साल. आज लक्षात आलं.

सावकाश
बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते आहे. अर्धविराम, तुमचं 'ज्याला आवाज आहे त्याला' हे वाक्य वाचलं म्हणून.

माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. या आजारात हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. चेहरा आणि आवाज जातो हे आम्हाला माहीत नव्हतं. जातो म्हणजे बोलता येतं, पण आवाज बारीक आणि सपाट होत जातो, चढउतार उरत नाही. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, त्यामुळे हसू आतच राहतं. आतून आई तीच आहे. बाहेर काही उमटत नाही.

जवळजवळ दोन वर्षं आम्ही तिच्यावर रागावत होतो. मी काही करून नेलं की ती म्हणायची, "छान झालंय." सपाट. मला वाटायचं, आवडलं नाही, उगाच म्हणते. ती म्हणायची, "खिडकी लाव." मला हुकूम वाटायचा. नातू येऊन बिलगला की ती त्याच्याकडे बघत बसायची, आणि त्याने एकदा मला विचारलं, "आजी माझ्यावर चिडली आहे का?" आईने ते ऐकलं. ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. रात्री उशी ओली लागली तेव्हा कळलं.

याच सुमाराला मी गंमत म्हणून लोजबान वाचत होते. आईला ते शब्द वाचून दाखवले. ती एके काळी भाषा शिकवायची, तिला असल्या गोष्टींची आवड. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या हातात कप दिला तर ती म्हणाली, "वी. छान झालंय."

आवाज कालचाच, चेहरा कालचाच. पण मला कळलं.

आता आमच्या घरात चार शब्द आहेत. वी, ओइ, वे आणि नातवासाठी 'यू', म्हणजे प्रेम. बाकीचे तिने नको म्हटले, म्हणाली लक्षात राहणारे हवेत. जागेबद्दल मात्रा यांनी लिहिलंय ते आमच्या बाबतीत फार कामाचं ठरलं. आईचा आवाज वाक्याच्या शेवटी विरत जातो, शेवटचे दोन शब्द ऐकूच येत नाहीत. कानोसा यांच्या 'की', 'ना', 'हं' शेपटीला असतात, त्या आमच्याकडे कधीच हरवल्या. पहिला शब्द मात्र ती दम घेऊन म्हणते, तो स्पष्ट येतो. म्हणून भावना आधी.

'ओइ'च्या शेपट्यांचाही उपयोग होतो. ओइरुहे, ओइ, ओइसाइ, ओइशाइ. दुखणं दहापैकी किती असं विचारलं की ती गोंधळायची, पाच आणि सहामध्ये फरक काय? आता चार पायऱ्या आहेत, आणि ओइशाइ म्हटलं की मी हातातलं काम टाकून जाते.

आनंद खोटा असू शकतो, खरं आहे. आई माझ्यासाठी कधी कधी खोटा 'वी' म्हणत असेलही. पूर्वी तिचा आवाज असताना नसेल का तसं केलं?

टिंब
काय लिहू कळत नाही. वाचनखूण साठवली. आईंना यू.

गुंजन
नातवाला कसं समजावलंत?

सावकाश
समजावावं लागलं नाही. पहिल्यांदा "यू, इकडे ये" ऐकलं तेव्हा मी अर्थ सांगितला. आता तो खोलीत शिरतानाच "यू आजी" म्हणत शिरतो. त्याला ती आजीची भाषा वाटते.

धांडोळा
तुमच्यासाठी एक शेपटी सुचवतो: 'दाइ'. समोरच्याची भावना आपण ओळखून म्हणायची असेल तर ती लावतात. तिचा हात आखडलेला दिसला तर तुम्ही 'ओइदाइ' म्हणायचं. दुखतंय ना तुला, मला कळतंय. तिला तेवढा दम खर्च करावा लागणार नाही.

सावकाश
हे माहीत नव्हतं. आजच वापरते. मनापासून आभार.

अर्धविराम
सावकाश, माझं वाक्य मी मागे घेतो. 'ज्याला आवाज आहे' असं लिहिताना सगळ्यांना तो असतो असंच मी धरून चाललो होतो.

मूळ प्रश्नावर माझं मत अजूनही थोडं उरलं आहे. तुमच्याकडे 'वी' चालतो कारण त्याच्यामागे तुमची इतक्या वर्षांची ओळख आहे. अनोळखी माणसाने सपाट आवाजात 'वी' म्हटलं तर मला पोचेल असं वाटत नाही.

मात्रा
@अर्धविराम, अनोळखी माणसाचा सूर तरी कुठे नेहमी पोचतो? तो लाजाळू आहे की आढ्यतेखोर, हे कळायला चार भेटी लागतात. 'वी'लाही लागतील.

मी प्रश्न विचारला तेव्हा शब्द आणि आवाज यांच्यात एकाची निवड करायची असं धरलं होतं. आता वाटतं, मधे 'पेइ' आहे हे मी नीट पाहिलंच नव्हतं. भावना विचारायला मराठीत एवढा छोटा शब्द मला सापडत नाही. 'काय झालं?' म्हटलं की काहीतरी बिघडलंय असं गृहीत धरलं जातं. 'कशी आहेस?'चं उत्तर 'मजेत' हे ठरलेलंच. 'पेइ' काहीच गृहीत धरत नाही.

कानोसा
'बरं?' चालेल का? चढ्या सुरात.

मात्रा
जवळ जातो. पण पुन्हा सूर लागलाच!

सावकाश
चार दिवसांनी लिहिते आहे. 'ओइदाइ' सुरू केलं. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे मिटले आणि हात माझ्या हातात ढिला सोडला.

आणखी एक गोष्ट या धाग्यावर सांगितलीच पाहिजे. आईने स्वतःचा एक शब्द काढला आहे, लोजबानमधला नाही. 'मऊ'. काल म्हणाली, "मऊ, पाणी दे." मला वाटलं पाणी कोमट हवं आहे. तर म्हणाली, "पाणी नाही. मी मऊ." म्हणजे, हे मी मऊपणाने म्हणते आहे, हुकूम नाही. तिच्या आवाजातून मागणी कडक ऐकू येते हे तिला ठाऊक होतं, इतके दिवस त्यावर शब्द शोधत होती. लोजबानमध्ये याला काय म्हणतील?

मात्रा
विनंतीला 'एहो' आहे. पण त्यात विनंती येते, मऊपणा येईलच असं नाही. आईंचाच शब्द ठेवा.

निरंतर
लाआदानमध्ये आहे! विनंतीचा 'बो' आणि प्रेमाने म्हटल्याचा 'ली'. एकत्र केलं की 'बोली'. प्रेमाने केलेली विनंती, वाक्याच्या सुरुवातीलाच.

टिंब
बोली! आपली बोली?

निरंतर
उच्चारापुरती तीच.

सावकाश
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "वी वी. बोली." मग थोड्या वेळाने, "पण मऊच."

अर्धविराम
'मऊ' त्या वाक्याआधी म्हणतात की नंतर?

सावकाश
आधी. नेहमी आधी.